निरंजन कौर घरी नाही

"मला चोर पकडून द्या," म्हातारी म्हणाली, "पण काय चोरीला गेलंय ते कुणाला कळता कामा नये."

सोढी मॅडमनी पेन खाली ठेवलं. जालंधरच्या बस अड्ड्यामागच्या त्यांच्या ऑफिसात अशीच माणसं येतात. काम बहुतेक एकाच पठडीतलं असतं. परदेशातला होणारा जावई खरंच इंजिनियर आहे की टॅक्सी चालवतो, आणि तिकडे त्याने आधीच एखादी बायको करून ठेवलीय की काय, एवढं शोधून द्यायचं. आईबाप कुजबुजत येतात आणि रडत जातात.

तरलोचनसिंगने म्हातारीपुढे चहा ठेवला. हा रोडवेजमधून निवृत्त झालेला ड्रायव्हर. मॅडमची गाडी चालवणं, लोकांना फोन लावणं आणि मॅडमच्या आधी चुकीच्या निष्कर्षावर पोचणं ही त्याची कामं. तिन्ही तो इमानेइतबारे करी. घरी त्याला कोणी नव्हतं. बायको गेलेली, मुलगा इटलीत. दर रविवारी मुलाचा फोन येई. "कसे आहात, बापूजी?" "मजेत." मग दोघांनाही पुढचं काही सुचत नसे.

"काय गेलंय, बीजी?" मॅडमनी विचारलं.

म्हातारीने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, तरलोचनसिंगकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुटपुटली, "व्हिसा."

तिचं नाव निरंजन कौर. गाव चक सुजान. नवरा जाऊन सात वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी कुलबीर, कॅनडात. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले होते आणि तेही दोनदा पोटातलं गेल्यावर. जावई ट्रक चालवणारा, आठ-आठ दिवस घराबाहेर. सासू नाही, नणंद नाही. बर्फात एकटी पोरगी.

"मी बाळंतपणाला जायला अर्ज केला, तर नकार आला. एजंटने पाठपुरावा करून आतली नोंद मागवली. तेव्हा कळलं की वकिलातीतून माझ्या घरी फोन केला होता. कुणा बाईने तो उचलला आणि म्हणाली, निरंजन कौर घरी नाही. ती कुठे जाणार नाही. आणि मुलगी गरोदर-बिरोदर काही नाही, तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हातारीने टेबलावर थाप मारली. "माझ्या घरातनं, माझ्या फोनवरनं! आता दुसरा अर्ज टाकायचाय. एजंट म्हणतो, ती बाई कोण आणि असं का बोलली, हे सांगितल्याशिवाय अर्ज टाकलात तर पुन्हा नकार. कुलबीरला सातवा लागलाय. नंतर मिळून काय करू?"

"पहिल्या अर्जाबद्दल कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही! शिक्का बसेपर्यंत तोंड उघडायचं नसतं, नजर लागते. आणि पोटातल्याबद्दल तर मुळीच नाही. दोनदा पोळलेय मी."

"तो फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरीच की! फोन येईल असं एजंट म्हणाला होता, म्हणून महिनाभर गुरुद्वारातसुद्धा गेले नाही. साहेबाशी बोलायला इंग्रजी पाठ केलं होतं." म्हातारीने पाठ ताठ केली. "गुड मॉर्निंग सर. आय मदर. आता मागच्या अंगणात म्हशीला पाणी पाजायला जावंच लागतं. तेवढ्यात साधला असेल कुणीतरी डाव."

"घरात कोण कोण येतं?"

तिघींची नावं निघाली. भांडी घासणारी फुलमती. समोरची तरणी सून रुपिंदर, जिच्या नवऱ्याचे दुबईहून फोन हिच्याकडेच येत. आणि शेजारची मोठी जाऊ, बचन कौर.

"तिचंच काम आहे," म्हातारी म्हणाली. "मी कॅनडाला गेले तर तिचा जळफळाट होईल. चाळीस वर्षं मधल्या भिंतीतलं दार उघडं होतं. नकाराचं कळल्यावर मी त्याला कडी घातली. तीन महिने झाले."

म्हातारी निघून गेल्यावर तरलोचनसिंग म्हणाला, "जाऊच आहे, मॅडम. भिंतीत दार आहे म्हटल्यावर विचार कसला करायचा?"

"उद्या सकाळी तिला फोन करा, वीरजी, आपण येतोय म्हणून. मग विचार करू."

दुसऱ्या दिवशी तरलोचनसिंगने फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला.

"निरंजन कौर आहेत का? त्या कॅनडाच्या कामाचं..."

"निरंजन कौर घरी नाही," एक कोरडा, बारीक आवाज म्हणाला. "कसलं कॅनडा? कोण जातंय कॅनडाला? राँग नंबर." आणि रिसीव्हर आपटला.

तरलोचनसिंग ओरडला. "मॅडम! ती बाई आत्ता तिथेच आहे! त्याच घरात!"

मॅडमनी फक्त गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. जन्मभर बस चालवलेल्या माणसाने त्या दिवशी मारुती अशी दामटली की मॅडमना दोनदा डोळे मिटावे लागले.

दाराला आतून अडसर होता. बराच वेळ ठोकल्यावर निरंजन कौरने दार उघडलं. हात कोपरापर्यंत तुपाने आणि कणकेने माखलेले. घरभर सुंठीचा आणि तळलेल्या डिंकाचा घमघमाट.

"एकट्याच आहात?" तरलोचनसिंगने धापा टाकत विचारलं.

"मग काय, इथे पलटण राहते?"

"आत्ता फोन कुणी उचलला?"

"कसला फोन? तुमचा फोन आलाच नाही. वाटच बघत होते मी."

तरलोचनसिंग धावत अंगणात गेला. भिंतीतलं दार बंद होतं. कडी याच बाजूने घातलेली, तीवर कोळ्याने जाळं विणलेलं. मागचा दरवाजाही आतून बंद. तो परत आला तेव्हा मॅडम टेलिफोनजवळ उभ्या होत्या. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली. मॅडमना स्वच्छतेचं फार, हे तरलोचनसिंगला ठाऊक होतं.

"पंजिरी करताय?" मॅडमनी विचारलं. तुपात भाजलेली कणीक, डिंक, सुंठ, बदाम. हे बाळंतिणीचं खाणं, कुणालाही ओळखू येईल असं.

"गुडघ्यांसाठी," म्हातारी चटकन म्हणाली. मग मॅडमच्या नजरेला नजर मिळताच ओशाळली. "कुलबीरला न्यायची. दर पंधरा दिवसांनी करते. खवट झाली की म्हशीला घालते. म्हैस माजलीय नुसती."

चौकशीला सुरुवात फुलमतीपासून झाली. बिहारहून आलेली ही बाई चार वर्षं पंजाबात राहूनही पंजाबी बोलायला लागली की म्हशीसुद्धा वळून बघत. "फोन हम नाहीं छूते," ती म्हणाली, "बीजी बिगडती हैं." मॅडमनी तिला एवढ्यावरच सोडून दिलं.

"वकिलातीच्या नोंदीत काय आहे?" बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "बोलणारी घरातली, वयस्क बाई, ठेठ इथलीच बोली. एजंटला मी सकाळीच विचारलं. ही नव्हे."

समोरची रुपिंदर कपडे वाळत घालत होती. "बीजी कॅनडाला जाणार होती?" तिचे डोळे विस्फारले. "मला तर म्हणाली, गुडघ्याच्या ऑपरेशनला लुधियान्याला जातेय."

"तुमच्या नवऱ्याचे फोन तिच्याकडे येतात ना?"

"येतात कुठले! शुक्रवारी ते करतात. कधी लागतो, कधी म्हणे कुणी बाई 'इथे रुपिंदर नावाचं कोणी राहत नाही' म्हणून ठेवून देते. आपल्या एक्स्चेंजचा कारभार! तारा कुठच्या कुठे जोडतात मेले." तिने ओला सदरा झटकला. दोरीवर पुरुषी कपडा एकही नव्हता.

तरलोचनसिंगने एक्स्चेंजला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. त्याच्या मुलाचा फोनही मध्येच तुटे. तुटला नसता तर दोघं काय बोलले असते, हा भाग वेगळा.

बचन कौरच्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवर सिमेंटचं भलंमोठं विमान होतं. खाली आठ खोल्या, त्यातल्या सातांना कुलूप. म्हातारी ओसरीवर बाजेवर बसून मेथी निवडत होती. मेथी एका माणसापुरती होती.

"विमान छान आहे," तरलोचनसिंग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"पोरांनी व्हँकूव्हरहून पैसे पाठवून बांधून घेतलं. टाकी आहे ती, त्यात पाणी असतं. पोरं नसतात," बचन कौर म्हणाली. "बोला, कुणाचं लग्न मोडायला आलात?"

"तुमच्या जावेबद्दल विचारायचंय. कुलबीरला दिवस गेलेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौथ्या महिन्यापासून."

"कुणी सांगितलं?"

"पंजिरीच्या वासाने. वासाला कडी घालता येते का? चौथ्या महिन्यापासून करतेय वेडी. डिंक जरा जास्त तळते, तेव्हा तर दोन गल्ल्यांना कळावं. मी विचारणाऱ्यांना सांगते, माझ्यासाठी करतेय, माझी कंबर गेलीय."

"म्हणजे तुम्ही तिचं गुपित राखलंत."

"मी कशाला राखू? मला काय पडलंय?" म्हातारीने मेथीची जुडी आपटली. "गावात विचारा जाऊन. एका तरी कुत्र्याला ठाऊक आहे का बघा."

"समोरच्या रुपिंदरलासुद्धा ठाऊक नाही. तुम्ही तिला समजावलं का नाही?"

"तिने विचारलं का? तिने दाराला कडी घातली. रोज संध्याकाळी त्या दारातून वाटी जायची-यायची. आता मी भाजी करते ती दोन वेळा पुरते, मग टाकते." तिने मेथीची काडी मोडली. "ती गेली तर या भिंतीच्या दोन्ही बाजूंना मी एकटीच. म्हणून काय मी पोरीच्या पोटावर उठेन?"

गाडीत बसल्यावर तरलोचनसिंग म्हणाला, "तिनेच कबूल केलं की हो, मॅडम. एकटी पडायची भीती. कारण मिळालं."

"कारण तर तुमच्याकडेही आहे, वीरजी. मुलगा इटलीला जाताना त्याचा पासपोर्ट लपवला होता का तुम्ही?"

तरलोचनसिंगने गियर टाकला. तो पासपोर्ट त्याने एकदा हातात घेऊन बराच वेळ पाहिला होता, हे त्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी तिघींना निरंजन कौरच्या घरी बोलावलं. बचन कौर भिंतीतल्या दाराने नव्हे, रस्त्याला वळसा घालून आली आणि जावेकडे पाठ करून बसली. तरलोचनसिंगला मात्र मॅडमनी फाट्यावरच्या एसटीडी बूथवर उतरवलं होतं. काय विचारायचं तेही घोकून घेतलं होतं.

त्याने नंबर फिरवला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"सत श्री अकाल जी," त्याने आवाज मधाळ केला. "निरंजन कौर आहेत का? कुलबीरला कितवा महिना? बीजी कधी निघतायत?"

"निरंजन कौर घरी नाही." तोच कोरडा, बारीक आवाज! "ती कुठे जात नाही. आणि महिना-बिहिना काही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?" खाडकन फोन बंद.

तरलोचनसिंग पगडी सावरत पळत सुटला. वळण घेऊन घरात घुसला आणि दारातच ओरडला, "तीच! तोच आवाज! आत्ता फोन कुणी उचलला होता?"

फुलमतीने तोंडावर पदर घेतला होता. रुपिंदर जमिनीकडे बघत होती. आणि बचन कौर तीन महिन्यांत पहिल्यांदा जावेकडे टक लावून बघत होती. निरंजन कौर टेलिफोनजवळच उभी होती.

"बीजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "आत्ता कुणाचा फोन होता?"

"कुणाचा नाही," निरंजन कौर नेहमीच्या आवाजात म्हणाली. "असतात गावचे चोंबडे. नाही नाही ते विचारतात. तो काय फोन म्हणायचा?"

"काल सकाळीही असाच आला होता ना?"

"आला होता मेला कुणीतरी. हाताला तूप असताना..." म्हातारी थांबली.

"काल तुम्ही आम्हाला सांगितलंत, फोन आलाच नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता. अशा फोनला तुम्ही फोन धरतच नाही," मॅडम म्हणाल्या. "पण रिसीव्हर तुपकट होता, माझी बोटं माखली. दारं आतून बंद, भिंतीच्या कडीवर कोळ्याचं जाळं. दुसरं कोण येणार होतं घरात? रुपिंदरच्या नवऱ्याला 'इथे रुपिंदर राहत नाही' म्हणणारं एक्स्चेंज नव्हे, बीजी. नव्या आवाजाला तुम्ही एकच उत्तर देता. मान्य काही करायचं नाही."

"पण वकिलातीचा फोन..."

"तुम्ही साहेबाची वाट बघत होता. इंग्रजी पाठ करून. आणि फोन केला तिथल्या एखाद्या पंजाबी पोरीने. बीजी, मुलीला कितवा महिना, कधी निघताय, असं आपल्या बोलीत गोड विचारलं असेल बिचारीने. तुम्हाला वाटलं, आली कुणी चोंबडी. मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली होती. दुष्मनाने फोन उचलला असता तर तो काय म्हणाला असता? हो, म्हातारी चाललीय, घरदार विकून चाललीय, परत येणार नाही. तेवढ्यानेच काम झालं असतं. इथे तर सगळंच नाकारलं आणि वर विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? असं फक्त गुपिताची राखण करणारा विचारतो. आणि राखण करणाऱ्या दोघीच होत्या. एकीच्या आणि फोनच्या मध्ये तुम्ही कडी घातलेली."

"पहिला फोन आला तेव्हा कडी नव्हती," तरलोचनसिंगने न राहवून शंका काढली.

"नव्हती. पण त्या महिनाभर बीजींनी घर सोडलं नव्हतं. त्या म्हशीकडे जेवढा वेळ जातात तेवढ्यात बचन कौर भिंतीतलं दार ओलांडून टेलिफोनपर्यंत पोचतील? काल त्यांना बाजेवरून उठतानाही पाहिलं नाही मी. आणि कालचा आणि आजचा आवाज तुम्हीच ऐकलात, वीरजी."

निरंजन कौरने ओढणीने रिसीव्हर पुसला. नजर लागू नये म्हणून तिने सगळ्यांपासून सगळं लपवलं होतं आणि लपवता लपवता आपल्याच हाताने लेकीचं दार बंद केलं होतं. बरोबर चाळीस वर्षांचं दुसरं दारही. तरलोचनसिंगला तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "कुलबीर तिकडे एकटी, आणि मीच सांगितलं की मला जायचं नाही."

बचन कौर गुडघ्यावर हात रोवून कशीबशी उठली. "झालं रडगाणं? आधी ती कडी काढ. मला एवढा वळसा घालून परत जायला जमणार नाही."

कडी गंजली होती. ती तरलोचनसिंगने दगडाने ठोकून काढली.

दुसऱ्या अर्जासोबत एजंटने सगळं खरंखरं लिहून जोडलं. बीजीने त्यावर अंगठा नाही, सही केली. आणि मॅडमनी न सांगताच तिने आणखी एक गोष्ट केली. संध्याकाळी गुरुद्वाराच्या भोंग्यावरून तिथल्या पाठ करणाऱ्या भाईजींचा आवाज साऱ्या चक सुजानला ऐकू गेला. निरंजन कौरच्या मुलीला सातवा महिना आहे, बीजीने व्हिसा मागितला आहे, संगतने अरदास, प्रार्थना करावी. त्या रात्री तिच्याकडे इतक्या बायका आल्या की पंजिरीचा डबा रिकामा झाला. म्हशीला पहिल्यांदाच काही मिळालं नाही.

त्यानंतर ऑफिसात नवे जावई आले, नवी लग्नं मोडली. हिवाळा आला. एका रविवारी दुपारी तरलोचनसिंग मुलाच्या फोनची वाट बघत बसला होता. फोन आला नाही. बाहेर धुकं होतं आणि घरात घड्याळाशिवाय कशाचा आवाज नव्हता. त्याने उगाच चक सुजानचा नंबर फिरवला.

बराच वेळ घंटी वाजली.

"निरंजन कौर घरी नाही," एक म्हातारा आवाज म्हणाला.

तरलोचनसिंग खुर्चीतून उठला.

"कॅनडाला गेलीय," आवाज पुढे सुटला. "मुलीच्या बाळंतपणाला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ती पोरगी आली होती फोनवर, वकिलातीतली. विचारते, बीजी, परत कशावरून याल, घरी कोण आहे तुमचं? तर ही म्हणते कशी, माझी जाऊ आहे, मी नाही आले तर ती जेवणार नाही. चक्क खोटं! मी जेवते. कमी जेवते. वैशाखीला येणार आहे. तिच्या घरात दिवा लावायला येते मी, म्हैस सांभाळते, फोन उचलते. कुणीही फोन करो, सगळं सांगून टाकायचं, अशी सक्त ताकीद आहे. तू कोण?"

"तरलोचनसिंग. मॅडमचा..."

"हां, तो ड्रायव्हर. कडी तोडणारा. कसा आहेस?"

"मजे..." तरलोचनसिंगने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. समोर एकाच माणसाचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. "एकटाच आहे, बीजी. पोराचा फोन आला नाही आज. करमत नाही."

पलीकडे बाज करकरली. म्हातारी नीट टेकून बसली असावी.

"मग बोल की," ती म्हणाली. "मला तरी कुठे जायचंय?"